स्वतःच्याच बँडमध्ये पगारी

रॉक बँड म्हटलं की डोळ्यांसमोर गिटार येते. गळ्यात पट्टा, अंगावर घाम, पुढं उसळणारी गर्दी. त्याच्या मागं ड्रम्स दिसतात, निदान ऐकू तरी येतात. पण रंगमंचाच्या एका कडेला तीन-चार वाद्यांच्या बेचक्यात एक माणूस बसलेला असतो, दोन्ही हात दोन वेगळ्या पट्ट्यांवर, मान खाली. त्याच्याकडं कॅमेरा क्वचितच वळतो. आज मला अशाच एका माणसाबद्दल सांगायचं आहे. त्याचं नाव रिचर्ड राइट. पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडचा तो कीबोर्डवादक, आणि बँडच्या चार संस्थापकांपैकी एक.

त्याची कहाणी सांगण्याचं कारण एवढंच नाही की तो उत्तम वाजवायचा. उत्तम वाजवणारे पुष्कळ असतात. ज्या बँडचा नाद त्यानं घडवला, त्याच बँडमधून त्याला १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं आणि पुढच्याच वर्षी त्याच बँडच्या कार्यक्रमात ठरलेल्या पगारावर वाजवायला ठेवलं गेलं. गाणं कोणाचं, हा प्रश्न आपण सहज विचारतो आणि गायकाचं किंवा संगीतकाराचं नाव सांगून मोकळे होतो. राइटच्या चरित्रात या प्रश्नाला पैसे, करार आणि कोर्टकचेऱ्या चिकटलेल्या आहेत.

राइटचा जन्म २८ जुलै १९४३ चा, लंडनच्या वायव्येला हॅच एंड या उपनगरातला. वडील एका मोठ्या दूध कंपनीत जीवरसायनतज्ज्ञ. बाराव्या वर्षी पाय मोडल्यामुळे मुलगा घरात अडकला आणि वेळ घालवायला गिटार हातात घेतली. पाठोपाठ ट्रंपेट आणि पियानो आले, तेही बहुतेक स्वतःच शिकलेले. १९६२ मध्ये तो लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला शिकायला गेला. तिथं त्याच्या वर्गात दोघे होते, रॉजर वॉटर्स आणि निक मेसन. तिघांनाही इमारतींपेक्षा गाण्यात रस. राइटनं तर वास्तुकला सोडून लंडन कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये नाव घातलं. १९६४ मध्ये त्याचं एक गाणं एका लहानशा गायक-त्रयीनं तबकडीच्या मागच्या बाजूला घेतलंही. म्हणजे पुढं जगप्रसिद्ध झालेल्या या मंडळींमध्ये स्वतःचं गाणं विकणारा पहिला तोच.

मग केंब्रिजहून सिड बॅरेट आला. देखणा, चित्रकलेचा विद्यार्थी, गाणी लिहिणारा. त्यानं दोन अमेरिकन ब्लूज वादकांची नावं जोडून बँडला ‘पिंक फ्लॉइड’ हे नाव दिलं. १९६७ मध्ये त्यांची पहिली लाँगप्ले आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बॅरेटचं मानसिक संतुलन इतकं ढळलं की त्याला कार्यक्रमात उभं करणं कठीण होऊन बसलं. १९६८ च्या सुरुवातीला डेव्हिड गिल्मोर त्याच्या जागी आला. बॅरेट गेला तेव्हा बँडमध्ये स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्यांत राइट होता. त्या वर्षीच्या दुसऱ्या अल्बममधली ‘रिमेंबर अ डे’ आणि ‘सी-सॉ’ ही दोन गाणी त्याचीच. तेव्हा कोणी पैज लावली असती, तर पुढचा म्होरक्या राइट होणार यावर लावली असती.

इथं थोडं वाद्याकडं वळू या, कारण त्याशिवाय पुढचा झगडा कळणार नाही.

आपल्याकडं बोटांनी वाजवायची पट्टी म्हटली की पेटी आठवते. पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. गायकानं जागा घेतली की तो ती पकडतो, तिची सावली धरतो. (ज्या आकाशवाणीवरून मी हे बोललो, तिथं १९४० पासून १९७१ पर्यंत या बिचाऱ्या पेटीला मज्जाव होता, हे जाता जाता सांगून ठेवतो.) रॉकमधला कीबोर्डवादक मागोमाग जात नाही. तो आधी जमीन घालतो. एकाच वेळी तीन-चार सूर दाबले की स्वरांचा एक गुच्छ तयार होतो, त्याला कॉर्ड म्हणतात. तेच गाणं, तीच चाल, तेच शब्द. खालचा स्वरगुच्छ बदला, आणि आनंदी वाटणारी ओळ उदास होते. ऐकणाऱ्याला वाटतं गायकानं रडवलं. रडवलेलं असतं खालच्या हातांनी.

राइटला जाझचं वेड होतं आणि त्याचे स्वरगुच्छ रॉकच्या नेहमीच्या ठोकळ्यांतले नसत. सुरुवातीला त्याच्याकडं फारफिसा नावाचा इटालियन बनावटीचा, जरा नाकात बोलणारा ऑर्गन होता. तो त्यानं प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्रातून सोडला आणि त्या किरकोळ वाद्याला एखाद्या चर्चसारखी खोली आली. १२ मे १९६७ रोजी लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये या बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा राइटच्या शेजारी एक खोका ठेवला होता. त्यातला दांडा फिरवला की आवाज सभागृहाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरायचा. आज घरातल्या टीव्हीला पाच-सहा स्पीकर जोडून आपण जी मजा घेतो, तिची ही आजी. कार्यक्रम संपल्यावर तो खोकाच चोरीला गेला, आणि दुसरा करून घ्यावा लागला.

१९७१ मधल्या ‘मेडल’ या अल्बमच्या एका बाजूवर ‘इकोज’ नावाची साधारण तेवीस मिनिटांची एकच रचना आहे. तिची सुरुवात एका सुरानं होते. पियानोची एक उंच पट्टी, फक्त एक. हा सूर राइटनं लेस्ली स्पीकरमधून सोडला. लेस्लीत आवाज फेकणारा भोंगाच गोल फिरतो, त्यामुळे सूर जवळ येतो, लांब जातो, थरथरतो. ऐकताना समुद्रतळाशी एखादी पाणबुडी कोणाला तरी हाक मारते आहे असं वाटतं. आकाशवाणीवर मी हा सूर ऐकवला होता. छापील पानाला ती सोय नाही. मी स्वतः तो पहिल्यांदा ऐकला तो मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर, आणि टेप घासलेली आहे असं समजून दोनदा मागं नेऊन ऐकला. असो. सांगायचा मुद्दा असा की ती सगळी रचना त्या एका सुराच्या कुतूहलातून उभी राहिली आणि तिच्यात राइट आणि गिल्मोर यांचे आवाज एकमेकांत इतके मिसळले आहेत की कोणता कोणाचा हे ओळखणं अवघड जातं.

आता १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’कडं येऊ. हा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत ७४१ आठवडे होता. त्यातल्या दहा रचनांपैकी पाचांवर राइटचं नाव आहे. शब्द मात्र सगळे वॉटर्सचे. ही वाटणी लक्षात ठेवा.

‘अस अँड देम’ या गाण्याची चाल मुळात एका चित्रपटासाठी केलेली होती. इटालियन दिग्दर्शक मायकेलअँजेलो अँटोनिओनी याच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’मध्ये विद्यार्थी आणि पोलीस यांच्या हाणामारीचं दृश्य आहे. राइटला सुचलं ते असं की पडद्यावर लाठ्या चालत असताना खाली अगदी संथ, शांत पियानो वाजावा. अँटोनिओनीला ते पटलं नाही, फार उदास वाटलं. चाल बाजूला पडून राहिली. तीन-एक वर्षांनी वॉटर्सनं तिच्यावर युद्धाबद्दलचे शब्द लिहिले आणि आज ती ऐकताना दुसरं काही तिथं बसलं असतं असं वाटत नाही. ‘ब्रीद’मध्ये एक स्वरगुच्छ येतो, जो रॉकमध्ये ऐकायची सवय नव्हती. तो माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून घेतल्याचं राइटनं उघड सांगितलं आहे. उसनवारी कबूल करण्यात त्याला कमीपणा वाटत नसे.

आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. ही राइटची पियानोवरची रचना. शब्द नाहीत, विषय मृत्यू. २१ जानेवारी १९७३ रोजी, रविवारी, अ‍ॅबी रोड स्टुडिओत क्लेअर टोरी नावाच्या तरुण गायिकेला बोलावलं गेलं. शब्द नकोत, चाल ठरलेली नाही, पियानोवर जे सुचेल ते गा, एवढंच सांगितलं. तिनं आपला गळा वाद्य आहे असं समजून दोन-तीन वेळा गाऊन दिलं. रविवारचा दुप्पट दर धरून तीस पौंड घेतले आणि घरी गेली. आपलं गाणं वापरलं गेलं हे तिला कळलं ते दुकानात अल्बमच्या वेष्टनावर स्वतःचं नाव वाचून. नाव होतं, पण गायिका म्हणून, रचना राइटची. तीस वर्षांनी, २००४ मध्ये, तिनं दावा लावला: मी गायलेली चाल मीच तिथल्या तिथं रचली, मग मी रचनाकार कशी नाही? २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही. तेव्हापासून त्या रचनेखाली राइट आणि टोरी अशी दोन नावं छापली जातात.

मला यात गंमत वाटते ती अशी, की गोऱ्या-काळ्या पट्ट्यांवर आयुष्य घातलेल्या राइटचं पुढं जे झालं, त्याची छोटी आवृत्ती या एका गाण्यात आधीच होऊन गेली होती. फक्त इथं तो दुसऱ्या बाजूला उभा होता.

पाश्चात्य प्रकाशनव्यवहारात गाणं म्हणजे ढोबळमानानं शब्द आणि चाल. ती ज्यांच्या नावावर, त्यांना रचनेची रॉयल्टी. तबकडी विकल्यावर, रेडिओवर लागल्यावर, दुसऱ्यानं गायल्यावरही. वाजवणाऱ्यांना मिळतो तो तबकडीच्या विक्रीतला वाटा, किंवा नुसती मजुरी. मग गाण्याला अंगकाठी देणारा ऑर्गनचा तुकडा कशात मोडतो? शब्दांत नाही. चालीत आहे की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ठरवतो तो जो खोलीत मोठ्यानं बोलतो.

या प्रश्नावर ब्रिटनच्या सर्वोच्च पायरीपर्यंत गेलेला एक खटला आहे आणि तोही कीबोर्डवादकाचाच. १९६७ च्या मे महिन्यात प्रोकोल हारम या बँडचं ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे गाणं आलं. त्याच्या सुरुवातीचा बाखच्या वळणाचा ऑर्गन ज्यांनी ऐकला ते तो विसरत नाहीत. कित्येकांना गाण्याचे शब्द आठवत नाहीत, ऑर्गन आठवतो. तो वाजवला होता मॅथ्यू फिशरनं. गाण्यावर नावं मात्र गायक गॅरी ब्रुकर आणि शब्द लिहिणारा कीथ रीड यांची. अडतीस वर्षांनी, २००५ मध्ये, फिशर कोर्टात गेला. डिसेंबर २००६ मध्ये न्यायाधीशांनी संगीताच्या हक्कांत त्याला चाळीस टक्के वाटा दिला. अपील झालं. २००८ मध्ये वरच्या कोर्टानं म्हटलं की सहरचनाकार खरा, पण इतकी वर्षं झोपला होतास, पैसे नाहीत. जुलै २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाचही न्यायाधीशांनी हा निकाल फिरवला आणि वाटा परत दिला, मात्र दावा लावला तिथपासून पुढचा. आधीच्या अडतीस वर्षांचे पैसे गेले ते गेले.

राइट कोर्टात कधी गेला नाही. भांडणं हा त्याचा पिंड नव्हता. १९७५ चा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम सिड बॅरेटच्या आठवणीभोवती फिरतो. त्याचं काम चालू असताना, ५ जून १९७५ रोजी, डोक्याचे आणि भुवयांचे केस काढलेला एक स्थूल माणूस स्टुडिओत येऊन बसला आणि बराच वेळ कोणी त्याला ओळखलं नाही. तो बॅरेट होता. या अल्बमचा शेवटचा भाग एकट्या राइटच्या नावावर आहे. सगळं विरत जाताना अगदी टोकाला त्यानं सिंथेसायझरवर बॅरेटच्या जुन्या ‘सी एमिली प्ले’ या गाण्याची चाल हलकेच वाजवली आहे. ज्याला ठाऊक आहे त्यालाच ऐकू येते. जुन्या मित्राला निरोप द्यायची ही त्याची रीत.

१९७७ च्या ‘अ‍ॅनिमल्स’ या अल्बममध्ये मात्र पहिल्यांदाच एकाही रचनेवर राइटचं नाव नव्हतं. वॉटर्सच्या डोक्यात आता कल्पना, शब्द, राजकारण, संताप सगळं उसळत होतं आणि त्याला संथ स्वरगुच्छांची गरज कमी वाटू लागली होती. राइटचं लग्न मोडकळीला आलं होतं. १९७८ मध्ये त्यानं ‘वेट ड्रीम’ हा स्वतःचा अल्बम काढला, फारसा कोणी ऐकला नाही. त्यात भर म्हणजे ज्या गुंतवणूक कंपनीत बँडचे पैसे होते ती गडगडली. करातून सुटण्यासाठी चौघांना १९७९ च्या एप्रिलपासून वर्षभर इंग्लंडबाहेर राहावं लागलं. ‘द वॉल’ हा दोन तबकड्यांचा अल्बम करायचा होता, तो याच वनवासात, फ्रान्समध्ये. पैशांची निकड अशी की तो ठरल्या तारखेला बाजारात आलाच पाहिजे.

राइटचं या काळात काय बिनसलं होतं, याबद्दल प्रत्येकाची कथा वेगळी आहे. तो गप्प बसायचा, नवं काही आणत नसे, असं बाकीचे म्हणतात. आपल्याकडं त्या वेळी देण्यासारखं फारसं नव्हतं हे पुढं मुलाखतीत त्यानंही मान्य केलं. पण वॉटर्सनं वाव ठेवला नव्हता, हेही सांगितलं. १९७९ च्या उन्हाळ्यात तो मुलांबरोबर ग्रीसमध्ये सुटीवर होता. वेळापत्रक घट्ट झालं, तेव्हा ठरल्यापेक्षा आधी लॉस एंजेलिसला येऊन कीबोर्डचं काम उरक, असा निरोप आला. बऱ्याच दिवसांनी मुलं भेटली होती; त्यानं नकार दिला. वॉटर्सनं पेच टाकला. अल्बमच्या कमाईतला तुझा वाटा तुला मिळेल, पण काम संपलं की गाजावाजा न करता निघून जायचं. नाहीतर कोर्टात लढ, आणि अल्बम अडकून पडेल. चौघांचंही दिवाळं निघायची वेळ आलेली. राइटनं मान तुकवली.

मला इथं वॉटर्सला खलनायक करायचं नाही. ‘द वॉल’ त्याच्या हट्टाशिवाय झालाच नसता, आणि जो राबतो त्याला न राबणारा खुपतो हे कोणत्याही कचेरीत दिसतं. पण सतरा वर्षांची ओळख अशी एका निरोपात संपावी, हे मला कोतेपणाचं वाटत आलं आहे.

अल्बम ३० नोव्हेंबर १९७९ रोजी आला, तुफान खपला. पुढं त्याचे कार्यक्रम ठरले: १९८० आणि १९८१ मध्ये लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड मिळून फक्त ३१. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षक आणि बँड यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या विटांची सुमारे चाळीस फुटी भिंत रचली जायची, अखेरीस कोसळायची. या कार्यक्रमाला कीबोर्डवादक म्हणून राइटलाच बोलावलं गेलं, ठरलेल्या पगारावर. प्रेक्षकांना पत्ता नव्हता. त्यांच्या लेखी तो पूर्वीचाच रिक राइट होता. तो बँडमधून गेल्याची वाच्यता १९८३ पर्यंत झाली नाही.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला एक नाटक असे. धुरातून पिंक फ्लॉइडचे चौघे प्रकट होतात, वाजवतात, टाळ्या पडतात, आणि मग कळतं की हे ते नव्हेतच. चौघांचे मुखवटे घातलेले भाडोत्री वादक आहेत. राइटचा मुखवटा घालून पीटर वुड नावाचा वादक बसत असे. म्हणजे मुखवट्यातला राइट भाडोत्री, आणि त्याच्या मागून येणारा खराही भाडोत्री. हे फक्त रंगमंचावरच्या मंडळींना ठाऊक.

पुठ्ठ्याची भिंत, यंत्रं, बाहुल्या, माणसं. खर्च इतका की कार्यक्रम तोट्यात गेले. तोटा भागीदारांनी सोसायचा. वॉटर्स, गिल्मोर, मेसन यांनी तो सोसला. पगारी नोकराला तोटा लागत नाही. त्या ३१ कार्यक्रमांतून पैसे घेऊन घरी गेलेला बँडमधला एकमेव माणूस म्हणजे राइट. रॉकच्या इतिहासात हा किस्सा विनोद म्हणून सांगतात. सांगणाऱ्यांना हसू येतं, मला आजवर आलेलं नाही.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. १९८३ चा ‘द फायनल कट’ राइटशिवाय झाला. त्यानं एका सोबत्याबरोबर ‘झी’ नावानं अल्बम काढला, आणि पुढं तो फसलेला प्रयोग होता असं स्वतःच सांगून टाकलं. १९८५ मध्ये वॉटर्स बँडमधून बाहेर पडला, पाठोपाठ नावावरून भांडण कोर्टात गेलं. गिल्मोर आणि मेसन यांनी नाव चालू ठेवलं आणि राइटला परत बोलावलं. पण कायद्याची अडचण होती; बाहेर पडतानाच्या कागदपत्रांत परतीची वाट नव्हती. म्हणून १९८७ च्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’वर छायाचित्र दोघांचंच, आणि राइटचं नाव साथीदारांच्या यादीत. जगभराच्या दौऱ्यावर तो पुन्हा पगारावरच निघाला.

१९९३ मध्ये तिघांनी मिळून नुसतं वाजवायचं ठरवलं, आधी काही न लिहिता. जे सुचेल ते टेपवर. जुना राइट इथं परत सापडला. १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’मध्ये पाच रचनांवर त्याचं नाव आहे, आणि एक गाणं त्यानं मुख्य आवाजात गायलं, १९७३ नंतर प्रथमच. त्यातल्या ‘मरून्ड’ या वादनाला ग्रॅमी मिळालं. रचनाकार गिल्मोर आणि राइट. करारानं मात्र तो अजूनही पूर्ण सभासद नव्हता. या मुद्द्यावरून आपण अल्बमच सोडणार होतो, असं त्यानं नंतर सांगितलं.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह एट’च्या कार्यक्रमात चौघं एकत्र उभे राहिले, १९८१ नंतर पहिल्यांदा. चार गाणी वाजवून ते गेले. लोक म्हणू लागले, आता पुन्हा दौरा निघणार. तो निघाला नाही.

वॉटर्स मात्र ‘डार्क साइड’ सबंध वाजवत जगभर फिरला, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत आला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर त्या गर्दीत मी होतो. कीबोर्डवर जॉन कॅरिन आणि वॉटर्सचा मुलगा हॅरी. ‘अस अँड देम’ सुरू झालं तेव्हा माझ्या आजूबाजूची कॉलेजची मुलं डोळे मिटून डोलत होती. शब्द संपून नुसता पियानो उरतो त्या जागेला एकानं मित्राला विचारलं, ‘‘हे पण वॉटर्सचंच ना?’’ मित्र म्हणाला, ‘‘मग काय!’’

त्या सुमारास राइट गिल्मोरच्या दौऱ्यात होता आणि जवळची माणसं सांगतात की तो इतका खुश पूर्वी दिसला नव्हता. २६ ऑगस्ट २००६ रोजी पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या गोदीत त्यांनी ‘इकोज’ वाजवलं. तेच एकाकी पियानोचं टोक, तेच दोन मिसळलेले आवाज, फक्त दोघांचे केस पांढरे. १० मे २००७ रोजी, आदल्या वर्षी वारलेल्या बॅरेटच्या स्मरणार्थ लंडनच्या बार्बिकनमध्ये राइट, गिल्मोर आणि मेसन एकत्र वाजले. वॉटर्स त्याच संध्याकाळी त्याच रंगमंचावर वेगळा गाऊन गेला.

१५ सप्टेंबर २००८ रोजी राइट कर्करोगानं गेला. पासष्ट वर्षांचा होता. ग्दान्स्कच्या कार्यक्रमाची तबकडी त्यानंतर आठवड्याभरात बाजारात आली. गिल्मोरनं ‘इकोज’ पुन्हा वाजवलं नाही. राइटशिवाय ते वाजवता येणार नाही, असं तो स्पष्ट सांगतो. २०१६ मध्ये पाँपेईच्या प्राचीन रंगमंडलात त्याचे कार्यक्रम झाले. १९७१ मध्ये चौघांनी याच जागी, प्रेक्षकांविना, ‘इकोज’ चित्रित केलं होतं. तिथंही त्यानं ते घेतलं नाही.

१९९३ च्या त्या टेप्स कपाटात पडून होत्या. गिल्मोर आणि मेसन यांनी त्या काढल्या, राइटचं वादन वेचलं, त्याच्याभोवती नवं वाजवलं आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘द एंडलेस रिव्हर’ आला. जवळजवळ सगळा शब्दांविना. त्यात १८ तुकडे आहेत, त्यांपैकी ११ वर राइटचं नाव आहे. एक तुकडा मात्र टेपांतला नाही, त्याहून खूप जुना आहे. जून १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रचंड पाइप ऑर्गनवर राइट वाजवत होता, ते कोणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवलं होतं. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. तुकडा दीड-दोन मिनिटांचाच आहे, त्याला ‘ऑटम सिक्स्टी-एट’ असं नाव दिलं आहे, आणि रचनाकार म्हणून त्याखाली एकच नाव छापलं आहे: रिचर्ड राइट.